गोठ्यापर्यंत वेल्डिंग मशीन न्यायचं असेल तर केबल कोणती घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी भावाने घरच्या कामासाठी २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं. घराजवळ, मीटरच्या बोर्डावर ते छान चालतं. पण खरं काम आहे गोठ्यावर, मीटरपासून साधारण ६० मीटरवर. तिथे दीड एमएमच्या तीन पदरी एक्स्टेन्शनवर मशीन लावलं की १० नंबरचा (साधारण ३.१५ मिमी जाडीचा) रॉड चिकटतो, पिवळा दिवा लागतो आणि मशीन बंद पडतं. गोठ्यावरच्या सॉकेटला मल्टिमीटर लावला तर २१५ व्होल्ट दिसतात. दुकानदार म्हणतो मशीनमध्ये दोष नाही. वायरमन म्हणतो स्टॅबिलायझर घ्या. शेजारी म्हणतो वेल्डिंगच्या केबलीच लांब करून घ्या. यातलं ऐकायचं कुणाचं? आणि जाता जाता अजून एक विचारलंय, की ट्रॉलीची दुरुस्ती करताना ट्रॅक्टर जोडलेला ठेवला तर चालतं का.

आधी तुमच्या २१५ व्होल्टबद्दल बोलतो, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. मशीन बंद असताना सॉकेटवर दिसणाऱ्या आकड्याला फारसा अर्थ नाही. वायर केसाएवढी बारीक असली तरी तिच्यातून करंट वाहत नाही तोवर दुसऱ्या टोकाला पूर्ण व्होल्टेज दिसतं. आपल्याला हवा असलेला आकडा म्हणजे आर्क पेटलेला असताना मशीनच्या प्लगपाशी उरलेलं व्होल्टेज. वर्कशॉपमध्ये कुणी 'नवीन मशीन चालत नाही' म्हणून घेऊन आलं की मी आधी तेच मशीन बोर्डाजवळ लावून चालवून बघतो. बहुतेक वेळा ते नीट चालतं. तुमचंही घरी चालतं, म्हणजे दुकानदार खरं बोलतोय.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी तीन रीडिंग घ्या. पहिलं मीटरच्या बोर्डावर, मशीन बंद असताना. दुसरं त्याच बोर्डावर, पण गोठ्यावर कुणीतरी सलग रॉड चालवत असताना. तिसरं गोठ्यावर मशीनच्या शेजारच्या मोकळ्या सॉकेटवर, तेही आर्क चालू असतानाच. उघड्या टर्मिनलला पिना लावून हे करू नका, दोन सॉकेटचा बोर्ड वापरा. मशीन लगेच बंद पडत असेल तर १२ नंबरच्या रॉडवर, ६० अँपिअरला घ्या. निदान दहा सेकंद तरी सलग चालवता येईल. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात मोठा फरक असेल, तर व्होल्टेज मीटरपर्यंत येण्याआधीच, पोलच्या बाजूला गळतंय. पोलवरचा सैल जोड, सर्व्हिस वायर किंवा डीपीवरचा लोड ही त्याची कारणं. तुम्ही कितीही जाड केबल आणली तरी ते सुटणार नाही, त्यासाठी वीज कार्यालयात तक्रारच करावी लागेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात फरक असेल तर दोष तुमच्या ६० मीटरचा आहे, आणि तो तुमच्या हातात आहे. माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे दोन्ही थोडं थोडं असणार, पण मोठा वाटा दीड एमएमच्या वायरचाच.

आता हे असं का होतं ते समजून घेऊ. एकदा कारण कळलं की पुढे कुठलीही केबल तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.

जुनी तांब्याची ट्रान्सफॉर्मर मशीन आठवून बघा. तिला व्होल्टेज कमी मिळालं की तिचा आउटपुट करंट कमी व्हायचा, रॉड चिकटायचा, वेल्ड भुसभुशीत पडायचा, पण मशीन गुरगुरत चालू राहायची. इन्व्हर्टरचं वागणं उलट आहे. तुम्ही नॉबवर ११० अँपिअर लावले की ते काहीही करून ११० अँपिअर द्यायला बघतं. आर्कला लागणारी पॉवर ठरलेली आहे. मग इनपुटचं व्होल्टेज कमी पडलं की मशीन तेवढी पॉवर भरून काढायला लाईनमधून जास्त अँपिअर ओढतं. जास्त अँपिअर ओढले की वायरमध्ये आणखी व्होल्ट गळतात. ते गळले की मशीन आणखी ओढतं. हे चक्र मशीनच्या खालच्या मर्यादेला पोचलं की आतलं संरक्षण सर्किट मशीन बंद करतं, नाहीतर त्याआधीच एमसीबी (बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच) पडते.

तुमच्याच कामाचे आकडे मांडतो. रॉडच्या वेल्डिंगमध्ये आर्कचं व्होल्टेज धरायची ठरलेली रीत अशी की वेल्डिंगच्या करंटला ०.०४ ने गुणायचं आणि त्यात २० मिळवायचे. ११० अँपिअरला ते २४.४ व्होल्ट येतं, म्हणजे आर्कमध्ये पावणेतीन किलोवॉटच्या आसपास पॉवर जाते. मशीनमध्ये उष्णता होऊन थोडी वाया जाते. शिवाय या छोट्या मशीनचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटमधला खरा कामी येणारा वाटा) बहुतेक वेळा ०.७ च्या आसपास असतो. हे सगळं धरलं तर २३० व्होल्टवर लाईनचा करंट साधारण २० अँपिअर येतो. १२ नंबरच्या रॉडवर, ७५ अँपिअरला, तो १३-१४ असतो. ८ नंबरच्या रॉडवर १६० अँपिअरला गेलात तर ३२ च्या पुढे जातो. म्हणूनच घरगुती १६ अँपिअरचा प्लग १० नंबरच्या रॉडवर हळूहळू काळा पडत जातो.

वायरमधलं व्होल्टेज गळणं काढायला एक सोपा हिशोब आहे. मीटरपासूनचं अंतर मीटरमध्ये, गुणिले लाईनचे अँपिअर, गुणिले ०.०३५, भागिले वायरचं एमएम (म्हणजे तारेचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये). जाणं आणि येणं दोन्ही त्या ०.०३५ मध्ये धरलेलं आहे. हा आकडा तांब्यासाठी आहे, ॲल्युमिनियम असेल तर उत्तराला १.६ ने गुणा. तुमचं ६० मीटर, २० अँपिअर, दीड एमएम घातलं तर २८ व्होल्ट येतात. पण मघाशी सांगितलेल्या चक्रामुळे गोष्ट २८ वर थांबत नाही. समजा आर्क चालू असताना मीटरपाशीच २०५ व्होल्ट उरले, तर दीड एमएमच्या टोकाला व्होल्टेज १६५ च्या आसपास जाऊन स्थिरावतं आणि करंट २८ अँपिअरवर जातो. तीन पदरी दीड एमएमची लवचिक केबल साधारण १४ ते १६ अँपिअरसाठी असते. तुमच्या वायरमध्ये त्या वेळी हजार वॉटच्या वर उष्णता होत असते, म्हणजे एक कॉइलची शेगडी ६० मीटरवर पसरून ठेवल्यासारखं आहे. ती वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर ही सगळी उष्णता एका जागी साठते आणि आतले पदर एकमेकांना चिकटतात. रीळ कितीही छोटं असू द्या, वेल्डिंगला लावण्याआधी पूर्ण उलगडा.

त्याच परिस्थितीत अडीच एमएमला टोकाला १८३ व्होल्ट मिळतात, चार एमएमला १९२ आणि सहा एमएमला १९७. तुमच्या मशीनच्या पाटीवर २३० व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के असं लिहिलं असेल तर खालची मर्यादा १९५ येते. म्हणजे तुमच्या अंतराला, तुमच्या लाईटवर, सहा एमएम तांबं. मीटरपाशी आर्क चालू असतानाही २१५ टिकत असतील तर चार एमएमही चालेल, टोकाला २०३ उरतील. काही मशीन १६०-१७० व्होल्टपर्यंत चालतात असं लिहिलेलं असतं, त्यांना जरा सवलत मिळते. पण कमी व्होल्टेजवर चालणारं मशीन वायर गरम करायचं थांबवत नाही, एवढं लक्षात ठेवा.

बाजारात 'चार एमएम' म्हणजे तांब्याच्या तारेचं आडवं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. वरचं रबर किंवा पीव्हीसी धरून केबल किती जाड दिसते त्यावर जाऊ नका. जुने वायरमन अजून 'सात-बावीस', 'सात-वीस' असं बोलतात. सात-बावीस साधारण अडीचच्या आसपास आणि सात-वीस चारच्या आसपास बसते. पण शेतावर सात-वीस म्हणून जी मिळते ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते. विचारून घ्या, आणि टोक खरवडून बघा.

मशीनच्या पाठीमागची पाटी नीट वाचा. खोक्यावरचे मोठे आकडे सोडून द्या. पाटीवर इनपुटच्या रकान्यात दोन करंट लिहिलेले असतात, आय-१-मॅक्स आणि आय-१-इफेक्टिव्ह. पहिला म्हणजे मशीन पूर्ण ताकदीवर लाईनमधून जास्तीत जास्त किती ओढेल. दुसरा म्हणजे मधली विश्रांती धरून वायरला उष्णतेच्या दृष्टीने किती सोसावं लागेल. व्होल्टेज गळण्याचा हिशोब पहिल्यावर करायचा, वायर तापते का ते दुसऱ्यावर बघायचं. याच पाटीवर ड्यूटी सायकल असते. २०० अँपिअरला ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं थंड होणं, आणि तेही ४० अंश तापमान धरून. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ४० अंश कधीच मागे पडलेले असतात. तुमचा पिवळा दिवा दुपारी लागतो की सकाळीही लागतो, ते बघा. सकाळी गार हवेतही पहिल्याच रॉडला लागत असेल तर कारण व्होल्टेजचं. वीस मिनिटांनी लागत असेल तर मशीन तापतंय, त्याला सावली आणि वारा द्या.

आता शेजाऱ्याचा सल्ला. वीज लांब न्यायची की वेल्डिंगच्या केबली लांब करायच्या? याचं उत्तर तांब्याच्या वजनात आहे, कारण शेवटी आपण दुकानात पैसे तांब्याचेच देतो. ६० मीटरची तीन पदरी सहा एमएम केबल घेतली तर तिच्यात साधारण पावणेदहा किलो तांबं असतं. त्याऐवजी मशीन मीटरपाशी ठेवून होल्डर (रॉड धरायचा चिमटा) आणि अर्थ (कामाच्या लोखंडाला लावायचा क्लॅम्प) अशा दोन्ही बाजूंना ६० मीटर वेल्डिंग केबल ५० एमएमची घेतली, तर ५४ किलोच्या आसपास तांबं होतं, आणि तरीही ११० अँपिअरला साडेचार व्होल्ट गळतातच. आर्क २४ व्होल्टचा, त्यात साडेचार म्हणजे पाचवा हिस्सा. इन्व्हर्टर ते भरून काढतं, पण रॉड पेटताना आणि झटकन जवळ-लांब होताना लागणारा जोर कमी पडतो. शिवाय नॉब फिरवायला दरवेळी ६० मीटर चालत जायचं.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर वीज लांब नेणं स्वस्त. जिवाच्या बाजूने पाहिलं तर उलटं आहे. २३० व्होल्टची केबल चिखलात, गोठ्याच्या मुतारीत, जनावरांच्या पायाखाली, ग्राइंडरच्या ठिणग्यांखाली पडलेली असणं हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो. वेल्डिंगच्या बाजूला ६० ते ८० व्होल्ट असतात, ओल्या अंगाला तेही धोकादायकच, पण २३० सारखे नाहीत. म्हणून मी नेहमी मधला रस्ता सुचवतो. २३० व्होल्टची केबल एका जागी कायमची बसवा, आणि जी हलणार, ओढली जाणार ती केबल वेल्डिंगची ठेवा. मीटरपासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत आर्मर्ड (लोखंडी तारांचं कवच असलेली) केबल अडीच फूट खोल चर खणून पुरा, खाली-वर वाळू आणि त्यावर विटांचा थर. तांब्याची सहा एमएम किंवा ॲल्युमिनियमची दहा एमएम, व्होल्टेज गळण्याच्या दृष्टीने दोन्ही जवळपास सारख्या. ॲल्युमिनियम घेतलीत तर टोकांना योग्य थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा. ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला पीळ देऊन जोडली की वर्षा-दोन वर्षांत तो जोड सैल होऊन तापू लागतो. एकदा ही केबल पडली की गोठ्यातला पंखा, कडबाकुट्टी, दिवे सगळ्यांनाच फायदा. तुम्ही वर्षातून दोनदाच वेल्डिंग करणार असाल तर पुरायचा खर्च करू नका. सहा एमएमची रबरी लवचिक केबल घ्या, खांबांवरून उंचावरून न्या आणि काम झालं की गुंडाळून ठेवा. हे तुमच्या कामाच्या प्रमाणावर आहे, त्याचं एकच उत्तर नाही.

गोठ्यावरच्या बोर्डात काय हवं? ३२ अँपिअरची डबल पोल एमसीबी, सी कर्व्हची (क्षणभराचा मोठा करंट सोसणारी). घरगुती बोर्डात बऱ्याचदा बी कर्व्हची असते. इन्व्हर्टर चालू करताना त्याचे कपॅसिटर एकदम भरतात, त्या क्षणाला ती पडते आणि लोक मशीनला नावं ठेवतात. तिच्यासोबत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच, इथे तडजोड नाही. प्लग-सॉकेट ३२ अँपिअरचं, निळं, तीन पिनी, औद्योगिक प्रकारचं. आणि वीजबिलावर तुमचा मंजूर भार लिहिलेला असतो तो बघा. १ किलोवॉटच्या घरगुती मंजुरीवर हे मशीन चालवण्यापेक्षा भार वाढवून घ्या, तेवढाच सर्व्हिस वायरचा प्रश्नही सुटतो.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. गोठ्याशेजारी मोटारीचा स्टार्टर आहे म्हणून २३० व्होल्टचं मशीन दोन फेजवर लावू नका, तिथे ४०० च्या वर व्होल्टेज असतं आणि मशीन एका क्षणात जातं. आणि न्यूट्रल मिळत नाही म्हणून जमिनीत गाडलेली सळई न्यूट्रलसारखी वापरू नका. शेतावर हे सर्रास चालतं. त्या सळईभोवतीची ओली जमीन जिवंत होते, आणि तिथे अनवाणी माणूस किंवा बैल उभा असतो.

स्टॅबिलायझरबद्दल वायरमनने सांगितलंय ते तुमच्या बाबतीत उपयोगाचं नाही. गोठ्याच्या टोकाला स्टॅबिलायझर बसवलात तर तो १६५ चे २३० करून दाखवेल, पण त्यासाठी त्याच बारीक वायरमधून आणखी करंट ओढेल. मीटर बघून समाधान होईल आणि वायर जळेल. मीटरपाशीच व्होल्टेज कमी येत असेल तर मीटरपाशी, पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर, असा त्याचा उपयोग आहे.

आता वेल्डिंगच्या केबली. मशीनसोबत खोक्यात दोन-तीन मीटरच्या केबली येतात, त्या टेबलावरच्या कामाला ठीक. तुम्हाला शेडमध्ये फिरायचं असेल तर होल्डरला १० ते १२ मीटर आणि अर्थलाही तेवढीच घ्या. १० नंबरच्या रॉडपर्यंत २५ एमएम तांबं. दोन्ही मिळून २४ मीटर धरले, १२० अँपिअर धरले, तर गळतात २ व्होल्ट. १६ एमएम घेतली तर तीनच्या वर. ती चालते, पण हाताला कोमट लागते आणि मशीनवर उगाच भार टाकते. ८ नंबरचा रॉड १६०-१७० ला रोज चालवणार असाल किंवा प्रत्येक बाजूला ३० मीटर हवे असतील तर ३५ किंवा ५० एमएमकडे जा. लोक होल्डरची केबल चांगली घेतात आणि अर्थला जुनी, जोड दिलेली काहीतरी लावतात. करंट दोन्हीतून तेवढाच जातो. दोन्ही सारख्या घ्या.

खरी वेल्डिंग केबल ओळखायची कशी? बाहेर रबर, आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा, आणि अंगावर आयएस ९८५७ हा मानक क्रमांक छापलेला. हल्ली तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबली तांब्याच्या म्हणून खपवल्या जातात. एक तार काढून ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली तर ती तांब्याची नाही. त्याहून सोपं म्हणजे वजन. २५ एमएमच्या एका मीटरमध्ये नुसतं तांबंच सव्वादोनशे ग्रॅम भरतं, रबर वेगळं. दहा मीटरचं वेटोळं दोन किलोच्या आतबाहेर भरलं तर परत करा. शुद्ध ॲल्युमिनियमची वेल्डिंग केबलही मिळते, हलकी आणि स्वस्त. ती घेण्यात गैर काही नाही, पण २५ तांब्याच्या जागी किमान ३५, खरं तर ५० घ्यावी लागते, आणि होल्डरजवळ सतत वाकून तिच्या तारा लवकर तुटतात. म्हणून ॲल्युमिनियम अर्थच्या बाजूला चालेल, होल्डरला तांबंच असू द्या.

केबल टोकाला कशी जोडली आहे, याकडे मी केबलीइतकंच लक्ष देतो. थिंबल दाबून बसवलेली हवी. छोट्या मशीनच्या पुढच्या सॉकेटला जो पितळी पिनचा कनेक्टर लागतो त्याचा लहान प्रकार २५ एमएमपर्यंतचीच केबल घेतो. तिथे ३५ ची केबल तारा छाटून कोंबू नका. मोठ्या केबलीच्या टोकाला अर्ध्या मीटरचा २५ चा तुकडा पक्क्या जोडाने लावा आणि तो मशीनला जाऊ द्या. पिन घातल्यावर उजवीकडे फिरवून घट्ट करायची. सैल राहिली की आर्क तुटक येतो, प्लॅस्टिक वितळतं, आणि पुढचा खर्च मशीनच्या आतला असतो. काम सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी मशीन बंद करून प्रत्येक जोडाला हात लावून बघा. बाकी केबल गार आणि जोड गरम असेल तर दोष तिथेच आहे.

अर्थचा क्लॅम्प रंग आणि गंज घासून काढलेल्या लोखंडावर, जिथे वेल्डिंग चालू आहे त्याच तुकड्यावर, जमेल तितका जवळ. पलीकडच्या खांबाला लावून 'सगळं लोखंड एकच आहे' असं म्हणू नका. या क्लॅम्पचा आणि मशीनच्या बॉडीच्या अर्थिंगचा काही संबंध नाही. बॉडीला हिरवी तार आणि गोठ्यावर स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा हवाच. पण क्लॅम्प नीट बसला नाही तर वेल्डिंगचे शंभर अँपिअर परतायला दुसरी वाट शोधतात. त्याच लोखंडावर तुमचा ग्राइंडर टेकलेला असेल किंवा शेडचा सांगाडा अर्थिंगला जोडलेला असेल, तर ते त्या बारीक हिरव्या तारेतून परत जातात. ती तार आतल्या आत जळते, कुणाला दिसत नाही, सगळं चालू राहतं. मग एखाद्या दिवशी मशीनच्या बॉडीला फेज लागतो आणि वाचवणारी तार तिथे नसते.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी रॉड चिकटण्यात त्याचाही वाटा असतो. साध्या ६०१३ रॉडला (हा प्रकार पुड्यावर छापलेला असतो) १२ नंबर ६० ते ९० अँपिअर, १० नंबर ९० ते १३०, ८ नंबर १४० ते १८०. ६०१३ दोन्ही पोलॅरिटीवर, म्हणजे होल्डर अधिकला किंवा उणेला लावून, चालतो. १६ गेजचा चौकोनी पाइप असेल तर १२ नंबरचा रॉड ६०-६५ वर, होल्डर उणेला लावून, म्हणजे पाइपला भोक पडायची भीती कमी. ७०१८ रॉड मात्र होल्डर अधिकला लावूनच, आणि कोरडा. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला ७०१८ वापरू नका. मशीन ठेवताना मागचा पंखा भिंतीपासून हातभर लांब, आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांच्या वाटेत नको. लोखंडाचा भुगा पंखा आत ओढतो आणि तो सर्किटवर बसतो, त्यात पावसाळ्याची ओल आली की मशीन संपलं. दर महिन्याला कोरडी हवा मारून घ्या. आणि गोठ्यावर काम आहे म्हणून सांगतो, कडबा आणि वैरण आधी हलवा. ठिणगी तासभर धुमसू शकते.

खर्चाचा क्रम लावायचा झाला तर असा लावा. आधी तीन रीडिंग, ती फुकट आहेत. मग आरसीसीबी आणि बॉडीचं अर्थिंग. मग मीटर ते गोठा सहा एमएम. त्यानंतर २५ एमएमच्या वेल्डिंग केबली. तोवर काम अडलं असेल तर तुमच्या त्याच दीड एमएमवर, पूर्ण उलगडून, १२ नंबरच्या रॉडने ६५ अँपिअरवर टाके मारण्यापुरतं काम करून घ्या, सलग नको. लाईट नसताना जनरेटरवर चालवायचं असेल तर १० नंबरच्या रॉडला साडेपाच-सहा केव्हीएचा, व्होल्टेज नियंत्रक असलेला जनरेटर लागतो. आधी जनरेटर स्थिर होऊ द्या मग मशीन चालू, आणि बंद करताना आधी मशीन.

राहिला ट्रॉलीचा प्रश्न. ट्रॅक्टर सोडून बाजूला न्या. ते जमत नसेल तर बॅटरीची दोन्ही टोकं काढा, आधी उणे मग अधिक, आणि नव्या ट्रॅक्टरवर मीटरचं किंवा इंजिनचं इलेक्ट्रॉनिक युनिट असेल तर कंपनीच्या पुस्तकात वेल्डिंगबद्दल लिहिलेलं वाचा. अर्थचा क्लॅम्प ट्रॉलीच्या चासीवर, वेल्डपासून हातभर अंतरात. तो चाकाच्या ड्रमला किंवा ट्रॅक्टरच्या हूकला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि महिन्याभरात चाक आवाज करू लागतं. हायड्रॉलिक जॅकचा दांडाही त्या वाटेत येता कामा नये. रिमवर टायर असताना रिमला वेल्डिंग करायचंच नाही, हवा सोडलेली असली तरी नाही. टायर आतून तापून फुटतो आणि जवळच्या माणसाचा जीव जातो. टायर उतरवून घ्या, मगच होल्डर हातात धरा.